जून मांस, मोठा मासा आणि चरकाचा अर्धा विसरलेला नियम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसावा अध्याय खाण्यापिण्याच्या पदार्थांचा आहे. धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध, मद्य आणि मांस अशी लांबलचक गणना त्यात येते. मांसाची चर्चा संपवताना कोणते मांस टाकून द्यावे याची एक यादी दिली आहे : आपोआप मेलेल्या प्राण्याचे, रोडावलेल्याचे, फार चरबी असलेल्याचे, म्हाताऱ्याचे, पिलाचे, विषाने मारलेल्याचे, स्वतःच्या नेहमीच्या प्रदेशाबाहेर वाढलेल्याचे आणि हिंस्र प्राण्याने मारलेल्याचे. या यादीत ‘वृद्ध’ आणि ‘बाल’ हे दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत. फार जून नको आणि फार कोवळेही नको, असा हा दुहेरी नियम आहे.

हा नियम वैद्याचा आहे. प्राण्यांच्या रक्षणाशी त्याचा संबंध नाही. तरीही मांस आणि मासळीच्या भारतीय इतिहासात त्याचे दोन तुकडे कसे झाले आणि त्यातला एकच तुकडा पुढे कायद्यात कसा शिरला, हे पाहण्यासारखे आहे. मोठा, वयस्क प्राणी खायला चांगला की वाईट, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर हरणाच्या बाबतीत एक येते आणि माशाच्या बाबतीत दुसरे. या फरकाच्या मुळाशी असलेल्या रेणूची रचना मद्रासमध्येच उलगडली गेली.

आधी कायद्याकडे पाहू. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर दिलेली एक आज्ञा कोरलेली आहे. दिल्लीत आणून उभ्या केलेल्या टोपऱ्याच्या स्तंभावर ती आजही वाचता येते. अवध्य प्राण्यांची यादी, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी मारण्यास बंदी, सहा महिन्यांच्या आतील पिले मारण्यास बंदी. आणि चातुर्मासी पौर्णिमांच्या व इतर काही ठरावीक दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास या लेखाकडे मत्स्यव्यवसायाचा एक अतिप्राचीन कायदा म्हणून लक्ष वेधले. अशोकाचा हेतू धार्मिक होता हे उघड आहे. उपवासाच्या तिथी आणि बंदीचे दिवस यांचा मेळ लपत नाही. परंतु कायद्याच्या भाषेत ‘बाल’ आणि ‘माता’ यांना संरक्षण मिळाले ते इथे. ‘वृद्ध’ हा शब्द या लेखात नाही.

चरकाकडे पुन्हा वळले तर माशांविषयी आणखी एक नोंद सापडते. माशांमध्ये रोहित, म्हणजे आजचा रोहू, सर्वांत हितकर. कारण तो शेवाळ खातो आणि झोपत नाही, म्हणून पचायला हलका व बळ देणारा. झोपेचा भाग आजच्या वाचकाला गमतीचा वाटेल. शेवाळाचा भाग मात्र लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागेल. सुश्रुतसंहितेत याहून सूक्ष्म निरीक्षण आहे : नदीतले मासे तोंडाने आणि शेपटीने हालचाल करतात, म्हणून त्यांचा मधला भाग जड, तलावातल्या माशांचे डोके विशेष हलके. स्पष्टीकरण आज टिकणारे नसले, तरी एकाच माशाच्या निरनिराळ्या भागांचे मांस निरनिराळे असते आणि त्याचा संबंध पोहण्याशी आहे, हा विचार शरीररचनेचाच आहे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या (आजच्या बसवकल्याणच्या) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. राजाच्या करमणुकींत मासेमारीला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, मोठे आणि लहान अशी माशांची वर्गवारी आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष घालावे हे सांगितले आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गो. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केला आणि त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये आला. होरांनी पुढे त्यातील मत्स्यप्रकरणाचाही अभ्यास केला. गळाला मोठा मासा लागणे ही राजाची करमणूक. ताटात काय वाढायचे हा विषय त्याच ग्रंथात वेगळ्या प्रकरणात, अन्नभोगात, येतो. ही विभागणी सूचक आहे. भिंतीवर मिरवायचे शिंग आणि पातेल्यात शिजायचे मांस यांचे निकष पूर्वीपासून वेगळे होते. राजस्थानात शिकारीच्या मांसाला वाळलेल्या काचरीची पूड चोळत, अवधमध्ये कच्च्या पपईचा गर लावत; त्यांतले विकर प्रथिनांचे धागे तोडतात आणि चिवट मांस मऊ होते. स्वयंपाक्याला जून जनावराची अडचण नेहमीच ठाऊक होती. तिचे कारण समजायला विसावे शतक उजाडले.

१९५२ मध्ये गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा ते तिशीचेही नव्हते. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली आणि नंतर केंब्रिजमध्ये त्यांनी स्फटिकांवर काम केले होते. मद्रासला भेट देणाऱ्या जे. डी. बर्नाल यांनी कोलॅजेनच्या रचनेचा प्रश्न सुटलेला नाही हे त्यांच्या कानावर घातले. कोलॅजेन म्हणजे कातडे, स्नायूंची आवरणे, स्नायुबंध आणि हाडे यांना ताण पेलण्याची ताकद देणारे प्रथिन. त्याचे नमुने हवे होते, आणि मद्रासच्या अड्यार भागात केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तिथून मिळालेल्या नमुन्यांत कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाने क्ष-किरणांची विशेष स्पष्ट चित्रे दिली. या चित्रांवरून रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आपला आराखडा मांडला आणि १९५५ मध्ये तो सुधारला : तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, तिपेडी दोरासारख्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरा घटक सर्वांत लहान अमिनो आम्ल, म्हणजे ग्लायसिन, कारण दोराच्या गाभ्यात त्याहून मोठ्याला जागाच नाही.

फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला की या आराखड्यात काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. दोन अणू नेमके किती जवळ येऊ शकतात, हा प्रश्न रामचंद्रन यांनी मग मुळापासून तपासला. त्यातून १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह प्रसिद्ध केलेला तो आलेख जन्मला, जो आज जगभर ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून शिकवला जातो. विद्यार्थ्यांना तो प्रथिनांच्या धड्यात भेटतो. त्यामागे कांगारूची शेपटी आहे हे क्वचितच सांगितले जाते.

या तिपेडी दोराचे वय वाढते तेव्हा काय होते? शेजारशेजारच्या दोरांमध्ये रासायनिक आडबंध तयार होतात. तरुण प्राण्यात हे बंध दोन-दोन रेणूंना जोडणारे आणि उष्णतेने सुटणारे असतात. वयाबरोबर त्यांचे रूपांतर तीन रेणूंना एकत्र बांधणाऱ्या, उष्णता सहन करणाऱ्या बंधांत होते. मांसातले कोलॅजेनचे प्रमाण फारसे न वाढताही त्याचा स्वभाव बदलतो. सस्तन प्राण्यांचे कोलॅजेन साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला आकसते आणि पुढे मंद आचेवर पाण्यात सावकाश विरघळून जिलेटिन बनते. कोवळ्या बोकडाच्या मांसात हे लवकर घडते. जुन्या सांबरात कोलॅजेन आकसते, मांसातले पाणी पिळून काढते, पण विरघळत नाही. दाताखाली येते ते हेच. चरकाने ‘वृद्ध’ वर्ज्य ठरवताना त्याचे कारण दिले नव्हते. दात आणि पोट यांच्या अनुभवाने तो निष्कर्षापर्यंत पोचला असावा, आणि निष्कर्ष बरोबर होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, त्यामुळे हरिण-सांबरापुरता हा प्रश्न इतिहासजमा झाला.

माशाचे तसे नाही, आणि इथे गणितच बदलते. जमिनीवरच्या प्राण्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध स्वतःचा भार उचलावा लागतो. माशाचा भार पाणी पेलते. सस्तन प्राण्यांच्या स्नायूंतील प्रथिनांत जोडणाऱ्या ऊतींचा वाटा सुमारे १७ टक्के असतो, शार्कसारख्या कूर्चायुक्त माशांत १० टक्के आणि हाडांच्या माशांत अवघा ३ टक्के. शिवाय माशाचे कोलॅजेन मुळातच सैल. स्वीडनचे चर्मरसायनज्ञ के. एच. गुस्तावसन यांनी १९५०च्या दशकात दाखवले की थंड समुद्रातल्या कॉडचे कोलॅजेन सुमारे चाळीस अंशांनाच आकसते, कारण त्यात हायड्रॉक्सिप्रोलिन कमी असते. उष्ण पाण्यातल्या माशांत हे तापमान थोडे वर सरकते, तरीही चुलीच्या मानाने ते क्षुल्लकच. म्हणून मासा मिनिटांत शिजतो आणि पाकळ्या सुटतात. मोठा, वयस्क मासा जुन्या सांबरासारखा चिवट होत नाही. मांसाचा नियम माशाला लावायचा, तर तो किमान पोताच्या बाबतीत लागू पडत नाही.

उलट काही माशांत मोठेपणा चवीच्या बाजूनेच उभा राहतो. हिलसा हे त्याचे ठळक उदाहरण. समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत चढणारा हा मासा १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू होण्याआधी गंगेतून अलाहाबादच्याही वर जात असे. वाढीबरोबर त्याच्या अंगात चरबी साठते. चांगल्या हंगामात ती वजनाच्या १० ते २० टक्क्यांपर्यंत जाते. त्या चरबीत हिलशाचा वास आणि लोण्यासारखा मऊपणा आहे. एक किलोच्या पुढचा इलिश मागणारा कोलकात्याचा ग्राहक आंधळ्या हौसेने पैसे मोजत नाही. तोच मासा गाबोळी धरू लागला की साठवलेली चरबी अंड्यांकडे वळते आणि मांस फिके पडते; बंगाली गिऱ्हाइकाला हेही ठाऊक असते. रोहू-कटल्यात मोठेपणाचा आणखी एक फायदा आहे. स्नायूंमधले बारीक काटे लहान वयातच जवळजवळ सगळे तयार होतात. नंतर त्यांची संख्या वाढत नाही, फक्त आकार वाढतो. मोठ्या कटल्याचे काटे दिसतात आणि काढता येतात, लहानाचे घशात अडकतात. बंगालात अशा थोराड माशाला ‘पाका’ म्हणतात. पिकलेला! मराठीत जनावर ‘जून’ होते. फरक शब्दातच उतरला आहे.

या मोठेपणाचा वयाशी असलेला संबंध तोडण्याचे काम भारतीय शास्त्रज्ञांनीच केले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी प्रौढ माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. त्याआधी मत्स्यबीज नदीच्या पुरातून गोळा करावे लागे. त्यानंतर तलावातला रोहू-कटला वर्षभरात किलोच्या आसपास जाऊ लागला. आज बाजारात दिसणारा मोठा कटला बहुधा वयाने लहान असतो. १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे. तलावातल्या माशापुरता ‘मोठा खावा की नाही’ हा प्रश्न जवळजवळ सुटला.

समुद्रातल्या आणि नदीतल्या माशापुरता तो सुटलेला नाही, कारण तिथे मोठा म्हणजे खरोखर वयस्क. आणि तिथे वयाबरोबर कोलॅजेनपेक्षा वाईट गोष्ट साठते. पाण्यातला पारा जिवाणूंच्या क्रियेने मिथाइलपाऱ्यात बदलतो, सूक्ष्म जिवांतून लहान माशात, त्यातून मोठ्या माशात जातो, आणि प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढते. जपानच्या मिनामाता उपसागराकाठी १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेने हे जगाला शिकवले. मिथाइलपारा प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो, चरबीत राहत नाही. त्यामुळे कातडी काढून, चरबी कापून किंवा तळून तो जात नाही. माशाच्या अंगातून बाहेर पडायलाही त्याला फार काळ लागतो, म्हणून वय हाच त्याचा हिशेब. कोडेक्स आयोगाने २०१८ मध्ये ठरवलेल्या मर्यादा पाहा : ट्यूनासाठी किलोमागे १.२ मिलिग्रॅम, शार्कसाठी १.६, मार्लिनसाठी १.७. अन्नसाखळीच्या टोकाला असलेल्या शिकारी माशांना ही सवलत द्यावी लागते, एवढ्यावरून त्यांची स्थिती कळते. कोकणात मोरी लहान बघून घेण्याची रीत आहे. ती चवीसाठी असली तरी पाऱ्याच्या हिशेबाने शहाणपणाची ठरते. आणि शेवाळ खाणारा रोहू हलका, हे चरकाचे कारण आता पुन्हा वाचावे. अन्नसाखळीच्या तळाशी चरणाऱ्या माशात पारा साठायला वावच कमी. माशात साठणारा पारा चरकाला अर्थातच ठाऊक नव्हता. मासा काय खातो यावर त्याचे मांस ठरते, हे मात्र त्याने पकडले होते.

एवढ्यावर थांबले तर हा आरोग्याचा सल्ला ठरेल. परंतु वयस्क माशाचे मोल ताटापेक्षा पाण्यात जास्त आहे, हे अलीकडे आकड्यांत दिसू लागले. डिएगो बार्नेके आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये समुद्री माशांच्या ३४२ प्रजातींची मोजणी प्रसिद्ध केली. मासा दुप्पट मोठा झाला की अंडी दुप्पट होतात, हे मत्स्यव्यवस्थापनातले जुने गृहीतक बहुतेक प्रजातींत चुकीचे निघाले. अंडी आणि त्यांतली ऊर्जा वजनापेक्षा वेगाने वाढतात. तीस किलोची एक कॉड मादी, दोन किलोच्या अठ्ठावीस माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते. अठ्ठावीस माद्यांचे एकत्रित वजन छप्पन्न किलो भरते. म्हणजे जवळजवळ निम्म्या वजनात अधिक पुढची पिढी. हिलशाच्या मादीची अंडीही आकारानुसार लाखभरापासून वीस लाखांपर्यंत जातात.

मोठे निवडून काढण्याचा परिणाम एका नदीने सोसला आहे. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या प्राणी पेंढा भरून जतन करणाऱ्या प्रसिद्ध कुटुंबातील एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा, महसीर गळाला लावला. तो आजही विक्रम मानला जातो. कावेरी खोऱ्यातल्या या कुबडवाल्या महसीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये टोर रेमादेवी अशी पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, सुरुंगाची मासेमारी, बाहेरून सोडलेले दुसरे महसीर अशी त्याची कारणे अनेक आहेत. सगळा दोष गळाचा नाही. पण सर्वांत मोठा मासा गेला की नदीत काय उरते, हे मोजायला आता फारसे मासे नाहीत.

आणि कायदा? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवर केरळने २०१५ मध्ये काही प्रजातींसाठी आणि २०१७ पर्यंत एकूण ५८ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी तसेच केले : पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. पश्चिम बंगालात २३ सेंटिमीटरखालचा हिलसा धरण्यास मनाई आहे. ही सर्व पावले आवश्यक होती, आणि ती नीट अमलात येतात तेव्हा किनाऱ्यावरचे जाळे खरोखर बदलते. परंतु या सगळ्या तक्त्यांत एकच स्तंभ आहे, किमान. कमाल आकाराचा स्तंभ नाही. लहानाला वाचवायचे तर जाळ्याचा सगळा भार मोठ्यावर पडतो. बाजारभावही त्याच दिशेने ढकलतो. कायद्याने अशोकाचा ‘बाल’ घेतला आणि चरकाचा ‘वृद्ध’ सोडून दिला.

दोन्ही बाजूंनी मर्यादा घालणे अशक्य आहे असे नाही. अमेरिकेतील मेन राज्यात १९३३ पासून शेवंडाला दोन मापे आहेत. पाठीचे कवच सव्वातीन इंचांपेक्षा लहान असेल तरी परत समुद्रात, पाच इंचांपेक्षा मोठे असेल तरी परत समुद्रात. मच्छीमार पितळी मोजपट्टी होडीवर ठेवतात आणि शेवंड जिवंत असतानाच मोजतात. जाळ्यातून मेलेला वर येणाऱ्या सुरमईला ही पद्धत तशीच लावता येणार नाही, ही अडचण खरी आहे. तिथे जाळ्याच्या आसांचा आकार, मासेमारीची जागा आणि काळ यांतूनच मार्ग काढावा लागेल.

काळाचा मार्ग बंगालने धरला आहे. २०१३ च्या अधिसूचनेनुसार १५ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर या काळातील पौर्णिमेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस हिलसा धरण्यास बंदी असते, कारण त्या भरतीच्या दिवसांत अंडी भरलेल्या माद्या नदीत चढतात. त्यावरून अशोकाच्या पौर्णिमांना हिलशाचे चक्र ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण पावसाळा संपतानाच्या पौर्णिमेला कोलकात्याच्या बाजारातून ताजा इलिश हटवणारी आज्ञा आता पुन्हा कागदावर आहे, आणि त्या दहा-अकरा दिवसांपुरती मोठी, जून मादी पाण्यातच राहते.